बजरंगभाऊंचा रिव्हर्स

बजरंगभाऊंनी पिकअप चालू केली, मान मागे वळवली, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि रिव्हर्स टाकला. दांडा त्याच्या जागी गेला, इंजिनाने आवाजही केला, पिकअप मात्र होती तिथेच उभी. भाऊंनी दांडा काढून पुन्हा टाकला. मग हळू टाकला, मग जोरात टाकला, मग जरा लाडीगोडीने टाकून पाहिला. गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी असलेली पिकअप मागे यायचं नाव घेईना.

"अहो, निघताय का न्हाई?" शालनताईंनी चुलीपासून विचारलं. "जिलबी आनतो म्हनता म्हनता पाव्हनं यायची येळ झाली."

"रिव्हर्स पडंना!"

"कुनाचा?"

"कुनाचा म्हंजे? गाडीचा!"

शालनताई पिठाचे हात घेऊन बाहेरच आल्या. त्यांना नवल वाटणं साहजिक होतं. आंदर मावळात कुणाचं भजन नावाजलेलं असतं, कुणाची तालीम. बजरंगभाऊंचा रिव्हर्स नावाजलेला होता. फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता एका गाडीपुरताच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल भातखाचरं. समोरासमोर आल्यावर कुणीतरी मागे जावंच लागतं, आणि ते कुणी जायचं यावरून या रस्त्यावर शिवीगाळीपासून पंचायतीपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. भाऊंच्या बाबतीत असला प्रश्नच नव्हता. ते नुसता हॉर्न ऐकून मागे जायचे. भाताच्या पोत्यांनी भरलेली पिकअप असो, वळण असो, धुकं असो, एका हाताने सुतासारखी सरळ मागे. पुढे पुढे तर लोक त्यांची गाडी ओळखून वेगसुद्धा कमी करेनासे झाले.

गाडीतून उतरल्यावरही भाऊ तेच करायचे. शेजाऱ्याचा नांगर बांधाला लागला की भाऊ आत सरकायचे. पंगतीत वाढपी आला की "आधी त्यांना वाढा" म्हणता म्हणता अर्धपोटी उठायचे. "जाऊ द्या" हे दोन शब्द त्यांनी एवढे वापरले होते, की वाडीतली लहान पोरं त्यांची नक्कल करताना दुसरं काही म्हणतच नसत.

आणि आज नेमकी हीच खोड घरच्यांच्या जिवाला घोर लावून बसली होती. भाऊंची लेक अनिता तळेगावच्या कंपनीत तपासणी विभागात होती. सदोष पार्ट नापास करायचा तिला पगार मिळायचा. तिला आधी दोन स्थळं आली. दोन्हीकडच्यांनी "लग्नानंतर नोकरी नको" म्हटलं, दोन्ही वेळा भाऊ "तुमी म्हनाल तसं" म्हणाले आणि दोन्ही वेळा अनिताने स्थळ नापास केलं. आज तिसरं स्थळ येत होतं. पवन मावळातले, गुलाबाच्या पॉलिहाऊसवाले. मुलगा स्वराज तिला आवडला होता, त्याची नोकरीला हरकतही नव्हती. हरकत होती ती त्याच्या थोरांची.

काल रात्री जेवताना ती म्हणाली होती, "आबा, मानपान, हॉल, काय सोडायचं ते सोडा. पण नोकरीच्या बाबतीत मागं हटायचं नाही. हटलात तर मी पुन्हा कुणासमोर चहा घेऊन येणार नाही, सांगून ठेवते."

भाऊंनी तिला शब्द दिला होता. दिल्यापासून ते तो मनातल्या मनात घोकत होते.

पिकअपची ही पंचाईतही पाहुण्यांपायीच झालेली. गिअर जड पडतात, गाडी कण्हते, पाव्हण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून शालनताईंनीच त्यांना कान्हे फाट्यावरच्या इर्शादच्या गॅरेजला पिटाळलं होतं. इर्शादने गिअरबॉक्सचं जुनं ऑइल काढून नवं भरलं. संध्याकाळी गाडी लोण्यासारखी घरी आली. येताना रस्ता सगळा पुढचाच होता, त्यात वाटेत कुणी समोर आलं नाही. त्यामुळे रिव्हर्सची परीक्षा झालीच नाही.

भाऊ विहिरीच्या कठड्यावर चढले. वाडीत रेंज फक्त तिथेच यायची. त्यांनी इर्शादला फोन लावला.

"भाऊ, पुढचे सगळे पडतात ना?" इर्शादने विचारलं.

"ते पडत्यात."

"मग पुढे पुढे या. तोवर मी इकडं शोधतो, काय राहिलंय ते."

शेजारच्या चौघांनी पिकअप ढकलून अंगणाबाहेर काढली. भाऊ निघाले. गाडी दाखवायची, जिलबी घ्यायची आणि पाहुण्यांच्या आधी परतायचं, एवढाच बेत होता.

पहिल्याच वळणावर एसटी समोर आली. ड्रायव्हरने पिकअप ओळखली आणि नेहमीप्रमाणे वेग कमी न करता पुढे आला. पिकअप मागे जात नाही हे लक्षात आल्यावर त्याने असा ब्रेक मारला की आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर गेली. भाऊ उतरून हात जोडत धावले.

"रिव्हर्स पडत न्हाई ओ!"

"कुनाचा? तुमचा?" ड्रायव्हर हसला. मग त्याचं हसू मावळलं. "भाऊ, कुनी काय बोललं का तुमाला?"

"न्हाई, न्हाई, गाडीचा..."

"बोललंच असंल," खिडकीतून झुंबरबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्या वाडीतल्याच, आणि वाडीतली बातमी त्यांच्याशिवाय हलत नसे. "किती वर्सं गप बसंल मानूस? घे रं ड्रायव्हरा मागं. भाऊ आज ऐकायचं न्हाईत."

एसटी मागे गेली. भाऊंच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा समोरची गाडी मागे जात होती. त्यांनी ओशाळून नमस्कार केला. पण खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंही वाटलं. नंतर एसटी वाडीत पोचली, आणि भाऊंनी सरकारी गाडी मागे घालवल्याची बातमी झुंबरबाईंनी घरोघर केली.

तोवर भाऊ शाळेखालच्या उतारावर आले होते. तिथे खालून एक उंच पांढरी गाडी चढ चढत आली. बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी, नव्यासारखी. स्टिअरिंगवर मुलाचा चुलता पप्पूशेठ, शेजारी मुलाचे वडील कैलासराव, मागे स्वराज आणि त्याची आत्या विठाबाई. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर निघाले होते.

या रस्त्याचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. रिकाम्याने भरलेल्याला द्यायची. आणि मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना तर द्यायचीच द्यायची. तिन्ही कायद्यांनी मागे जाणं भाऊंकडेच येत होतं. भाऊंनी सवयीने मान वळवली, दांडा ओढला आणि कपाळावर हात मारला. आता धावत जाऊन पाय धरावेत म्हणून त्यांनी दार उघडलं, तोच पांढरी गाडी आपण होऊन मागे जाऊ लागली.

भाऊ पाहतच राहिले. मुलाकडचे मागे जातायत! मुलीच्या बापासाठी! ते घाईने परत आत बसले आणि माफी मागायला म्हणून त्यांच्या पाठोपाठ पिकअप उतरवू लागले. अधूनमधून स्टिअरिंग सोडून ते हात जोडत होते. ती गाडी वेग घ्यायची, ही गाडी वेग घ्यायची. काचेआड पप्पूशेठची मान मागे वळलेली होती, दोन्ही हात स्टिअरिंगला आवळलेले होते आणि ते कुणावर तरी जिवाच्या आकांताने ओरडत होते. आपल्यावरच ओरडतायत याबद्दल भाऊंना शंका नव्हती.

ओढ्याच्या पुलाजवळ रस्ता रुंद आहे, तिथे पांढरी गाडी थांबली. भाऊ उडी मारूनच उतरले.

"पाव्हनं, माफी करा, माझा तो..."

"माफी कशाची?" पप्पूशेठ घाम पुसत घाईने म्हणाले. "आम्ही गाडी इथंच लावणार होतो. हवा काय छान आहे हो तुमच्याकडे! चालतच जाऊ म्हटलं."

"आँ?" विठाबाई म्हणाल्या.

"चालतच जाऊ, आक्का," पप्पूशेठ दात आवळून म्हणाले. कैलासराव डोंगराकडे बघत राहिले.

मुलगी बघायला आलेले पाहुणे गाडी सोडून पायी चालतो म्हणतात, याहून मोठा रुसवा कोणता? भाऊंनी फार विनवलं. मोकळ्या जागेत वळसा घेऊन पिकअपचं तोंड वाडीकडे केलं. विठाबाई आणि कैलासराव पुढे बसले. मागे हौद्यात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले पप्पूशेठ एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने स्वराजचा खांदा धरून उभे राहिले. असे पाहुणे वाडीत आले.

अंगणात वाडी लोटली होती. एसटीला मागे घालणारा माणूस पाहुण्यांपुढे काय करतो, ते सगळ्यांना बघायचं होतं. पुलाकडून आडवाटेने धावत आलेल्या कुणीतरी पुढची बातमीही आणली होती. "पाव्हन्यांची बी मागं घातली," कुणीतरी कुजबुजलं. पप्पूशेठनी ते ऐकलं आणि त्यांनी उगाचच खाकरून घसा साफ केला. जिलबी राहिलीच होती, शालनताईंनी शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

पोहे झाले, चहा झाला, अनिता येऊन बसली. विठाबाईंनी तिला नाव, शिक्षण विचारलं. मग पप्पूशेठ सावरून बसले.

"आपली दोन पॉलिहाऊस. गुलाबाच्या पॅकिंगला घरचं माणूस लागतं. त्यामुळे मुलीची नोकरी..."

स्वराजने तोंड उघडलं. पप्पूशेठनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने ते मिटलं.

सगळे भाऊंकडे बघू लागले. भाऊ सतरंजीकडे बघत होते. आधी रिव्हर्सची माफी मागावी की आधी नोकरीचं बोलावं, हेच त्यांना उमगत नव्हतं. माफी मागून लगेच नकार कसा द्यायचा? आणि नकार देऊन माफी मागितली तर नकाराचं काय उरलं? ते गप्प बसले.

"म्हणजे लगेच सोडावी असं नाही," पप्पूशेठ म्हणाले.

भाऊ गप्प.

"वर्षभर करू दे, मग बघू."

भाऊंनी वर पाहिलं, पण शब्द सुचला नाही म्हणून पुन्हा खाली पाहिलं.

"करू दे की हो! आमची काय हरकत?" पप्पूशेठ एकदम म्हणाले. "उलट आजकाल पाहिजेच. काय कैलासदादा?"

"व्हय, व्हय," कैलासराव म्हणाले. "आन् हॉल-बील बी नगं. दारातच मांडव घाला."

दाराआड शालनताईंच्या हातातला झारा थांबला. अनिता बापाकडे अशी बघत होती, जणू त्यांना आज पहिल्यांदाच बघतेय. सुपारी फुटली. सगळ्यांच्या तोंडात साखर पडली. भाऊंना मात्र काय झालं ते अजून नीट कळलं नव्हतं, आपण काहीच बोललो नाही एवढं पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. हँडलला ऑइलचा डबा अडकवलेला इर्शाद उतरला आणि चिमटीत काहीतरी उंच धरून आनंदाने ओरडला, "भाऊ, सापडली! गिअरच्या केबलची पिन! काल माझ्याकडूनच बसवायची राहिली. तिच्याशिवाय तुमचा रिव्हर्स पडायचाच नाही!"

अंगणातली वाडी चार पावलं पुढे सरकली.

"म्हंजे एसटी बी...?" झुंबरबाईंनी दुःखाने विचारलं.

"व्हय," भाऊ म्हणाले.

"म्हणजे मगाशी उतारावर," पप्पूशेठ हळूहळू ताठ होत म्हणाले, "तुम्ही आम्हाला अडवलं नव्हतं?"

"न्हाई ओ पाव्हनं. तेच तर मगापासून सांगायचं बघतोय. गाडी मागं जातच नव्हती."

"आणि तुमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं? आमच्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काय असनार?"

"असं होय!" पप्पूशेठनी इस्त्री गेलेला शर्ट खाली ओढला. मघापासून आक्रसलेला माणूस पुन्हा मूळच्या मापाचा झाला. "मग नोकरीचा विषय आपण पुन्हा काढू."

"शेठ, आणखी एक सांगायचं होतं..." इर्शाद म्हणाला.

"तुम्ही थांबा हो! इथं घरातलं बोलणं चाललंय." पप्पूशेठ भाऊंकडे वळले. "हां, तर नोकरी सोडावी लागेल. काय म्हणता?"

आता भाऊंच्या बाजूला काही उरलं नव्हतं. ना तुटकी गाडी, ना गैरसमज. "जाऊ द्या" हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते, नेहमीचे, गुळगुळीत. त्यांनी अनिताकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती खाली बघून रिकाम्या कपबश्या एकात एक ठेवत होती, आत न्यायला. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं. भाऊंना ते बघवलं नाही.

"पाव्हनं," ते म्हणाले. "गाडीला रिव्हर्स नव्हता, हे खरं हाय. मला हाय. जल्मभर तेवढाच टाकत आलोय. पर आज न्हाई टाकनार. अनिता नोकरी करंल. पटत असंल तर शिरा खावा, न्हाईतर..." इथे ते अडखळले. "न्हाईतर, शिरा तरी खाऊनच जावा."

कपबश्यांचा आवाज थांबला. "आबा!" एवढंच अनिता म्हणाली. झुंबरबाईंनी डोळ्याला पदर लावला.

पप्पूशेठ उठले. "चल दादा. स्वराज, ऊठ. आक्का, निघायचं."

"शेठ, पण जाणार कसे?" इर्शादला आता राहवेना. "तुमची गाडी पुलापाशी बघितली मी. चढली नाही ना? चढणारच नाही. काल गॅरेजात भाऊंच्या गाडीचं काम चालू असताना तुम्ही घाई घाई करून मधेच तुमची घुसवली, त्यात भाऊंची पिन राहिली आणि तुमच्या गिअरबॉक्सात ऑइल कमी पडलं. सकाळी बघतो तर डबा अर्धा शिल्लक! कधीचा फोन लावतोय, रेंज नाही. चूक माझी, पण चढावर ती ओढायची नाही, उलट मागे घसरायची."

सगळ्या माना पप्पूशेठकडे वळल्या. कैलासरावांना आधी खोकला आला, मग त्या खोकल्याचं हसू झालं, मग ते मांडीवर थापा मारून हसायला लागले.

"पाव्हनं, आमी कुटली मागं घेतोय! ती आपसूक मागं पळत होती. पप्पू ब्रेकवर उभा ऱ्हायलेला. आन् तुमी वरनं हात जोडत आमच्या अंगावर! आमाला वाटलं, तुमाला सगळं कळलंय आन् आता चारचौघात इचारताय, पाव्हनं, एवढी मोटी गाडी घेतली ती मागं जायला का? त्या धाकानं पप्पू सगळ्याला हो म्हनत सुटला."

"मी म्हनलं व्हतं, पिकअप बरी," विठाबाई म्हणाल्या. "बस रं पप्पू. सुपारी फुटलीय. लोक काय म्हनतील? शिरा गार व्हतोय."

पप्पूशेठ बसले. बसण्याखेरीज दुसरं काय करणार? त्यांची गाडी घरी न्यायला याच अंगणातला मेकॅनिक लागणार होता. त्यांनी शिरा खाल्ला, दुसऱ्यांदाही घेतला, आणि नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

साखरपुडा झाला. मांडवाची बोलणी करायला एका सकाळी कैलासराव आणि स्वराज वाडीकडे निघाले. गाडी पप्पूशेठचीच, आता चढ नीट चढणारी. त्याच वेळी भाऊ पिकअपमधून अनिताला फाट्यावर सोडायला चालले होते. तिची सकाळची शिफ्ट होती आणि कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. शाळेखालच्या उतारावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या.

व्याही दिसताच भाऊंनी मान वळवली आणि रिव्हर्स टाकला. पिकअप सुरेख मागे निघाली. पण समोरून कैलासरावांनीही व्याही बघून गाडी मागे घेतली होती. दोघेही मागे जात राहिले आणि मधला रस्ता रिकामा पडत गेला. भाऊंनी खिडकीतून हात काढून "या, या" केलं. तिकडूनही हात निघाला, "या, या." मग दोघेही एकदमच पुढे आले, तोंडाला तोंड भिडलं आणि दोघेही पुन्हा आदराने मागे गेले.

"आबा, बस जाईल माझी! पुढं घ्या!"

"अगं, व्याही हायेत. आधी त्यांना येऊ दे. बरं दिसत न्हाई."

"ते पण तेच म्हणत असतील!"

"म्हनत असतील तर चांगली मानसं हायेत," भाऊ म्हणाले आणि आणखी थोडे मागे गेले.

अनिता उतरली, फिरून आली आणि तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "सरका."

भाऊ सरकले. तिने पहिला टाकला, दुसरा टाकला आणि पिकअप सरळ उतारावर काढली. समोर पाहते तर पांढऱ्या गाडीतही जागा बदलली होती. कैलासराव कडेला सरकून बसले होते आणि स्टिअरिंगवर स्वराज होता. दोन्ही गाड्या हातभर अंतरावर येऊन थांबल्या. भाऊंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

स्वराजने अनिताकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि मान मागे वळवली. कुणी काही बोलायच्या आत तो पार पुलापर्यंत मागे गेला आणि गाडी कडेला घेऊन थांबला. शेजारून जाताना अनिताने हॉर्न दिला, त्याने हात केला. भाऊंनी डोळे उघडून कैलासरावांना हात जोडले, कैलासरावांनी त्यांना जोडले. मुलाकडचे दुसऱ्यांदा मागे गेले होते, आणि या वेळी दोन्ही गाड्यांचे सगळे गिअर व्यवस्थित पडत होते.